थिअरी ऑनलाइन आणि प्रॅक्टिकल वर्गात: नर्सिंगवाल्यांनो, तुमचं काय मत?

दुसरंवर्ष: मी वर्गप्रतिनिधी आहे. पुढच्या सत्रात थिअरीचे निम्मे तास रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओवर, आणि वर्गात शंका, केसवर चर्चा, स्किल लॅब असं करायचा विचार चाललाय. वर्गाचं मत लेखी द्यायचंय आणि वर्गात दोन तट पडलेत. मी मधेच लटकलेय.

सलाईनच्या थेंबांचं गणित मला व्हिडिओमुळेच कळलं. १००० मिली, ८ तास, २० थेंबांचा सेट (म्हणजे २० थेंबांना १ मिली). वर्गात मॅडमनी फळ्यावर भराभर सोडवलं आणि सगळ्यांबरोबर मीही मान डोलावली. रात्री तोच भाग चार वेळा मागे नेऊन पाहिला तेव्हा कळलं, मी तासांची मिनिटंच करत नव्हते! मिनिटाला ४२ थेंब येतात.

पण स्टराईल ग्लोव्ह्जचा व्हिडिओ तोंडपाठ असूनही लॅबमध्ये दुसरा ग्लोव्ह चढवताना, घातलेल्या हाताचा अंगठा दुसऱ्या उघड्या मनगटाला लागला. मला पत्ताच नाही. मागून मॅडम म्हणाल्या, "टाक ते. नवीन जोडी घे." व्हिडिओ कुठून बघणार माझा अंगठा?

रात्रपाळी: शेवटच्या वर्षाला आहे. आमच्याकडे हे होऊन गेलंय, म्हणून आधी एकच सांगते: ऑनलाइन आलं तर वर्गाचे तेवढे तास कमी व्हायलाच हवेत. आमचे झाले नाहीत. पोस्टिंगवरून पाय ओढत यायचं, व्हिडिओ बघायचा आणि सकाळी वर्गात तेच पुन्हा ऐकायचं. मग मुली दुप्पट वेगाने व्हिडिओ पळवून हजेरी लावायच्या. मीपण.

बाकी व्हिडिओ वाईट नाही, फक्त तो फार शांत असतो. बीपीच्या व्हिडिओत कोरोटकॉफचे आवाज (बीपी मोजताना स्टेथोत ऐकू येणारे ठोके) हेडफोनमध्ये कसे ठणठणीत येतात. वॉर्डात पहिल्या आजींच्या दंडाला कफ बांधला तर शेजारी ट्रॉलीचा खडखडाट, नातेवाइकांची गडबड, आणि स्टेथोत काही म्हणजे काही नाही. खोटं कशाला बोलू, १२०/८० लिहायच्या बेतात होते. सिस्टरांनी पेन धरलं. नाडीवर बोट ठेवून कफ फुगवायला लावला, नाडी हरवली त्या आकड्याच्या वर आणखी ३०, आणि मग सेकंदाला २-३ मिमी या गतीने हवा सोडायची. हे सगळं व्हिडिओत होतंच म्हणा. मी पळवलेल्या भागात.

वर्गातलीट्यूटर: शिकवणाऱ्यांचीही अडचण ऐका. निम्मी मुलं व्हिडिओ न बघता येतात. त्यांच्यासाठी मी पुन्हा शिकवायला लागले की बघून आलेल्यांना वाटतं, आपण उगाच जागलो. आता दारातच पाच प्रश्न देते. ग्लासगो कोमा स्केलचे, म्हणजे पेशंट किती शुद्धीवर आहे ते डोळे, बोलणं आणि हालचाल यांवरून मोजायचे गुण पाठ करून सगळे येतात. मग विचारते, सर्वात कमी गुण ३ का, शून्य का नाही? तिन्ही भागांना किमान एक गुण असतो हे ज्याने खरंच पाहिलंय तो पटकन सांगतो. आणि तासाभराचं सलग व्याख्यान रेकॉर्ड करू नका असं पत्रात जरूर लिहा. ८-१० मिनिटांचे तुकडे करा म्हणावं, ते आम्हालाही झेपतं.

डेटासंपला: डाउनलोड करता येतील असे व्हिडिओ मागा. ड्युटी आटोपून बसावं तर पडद्यावर चक्र फिरतंय. निम्मा वर्ग बघत नाही, त्यातले काही माझ्यासारखे असतात, मॅडम.

दुसरंवर्ष: पत्रात वर्गाच्या तासांच्या वजाबाकीचा मुद्दा सर्वात वर टाकतेय, डाउनलोडचा त्याच्याखाली. @रात्रपाळी, तू निदान बेतातच होतीस. मी मॅनिकिनच्या (सरावाच्या पुतळ्याच्या) दंडावर १२०/८० लिहूनही टाकलं होतं. मॅडमनी १६० वर सेट केला होता.