'आकृती', 'देह' की 'अंग'? माणसाच्या शरीराची चित्रं आणि आपले शब्द

प्रश्न

फिगरेटिव्ह चित्रकाराला मराठीत काय म्हणायचं? मुंबईतल्या समकालीन चित्रकारांवरचा एक लेख हातात आहे, माणसाचं शरीर हाच ज्यांचा विषय अशांवरचा, आणि पहिल्याच परिच्छेदात अडलोय. 'आकृतिमूलक', 'आकृतिप्रधान', 'मानवाकृतिप्रधान', 'मूर्त' असे चार शब्द छापील मराठीत दिसतात. 'मूर्त' फार ऐसपैस आहे, त्यात वडाचं झाड आणि पाण्याचा माठही बसतो. 'आकृती' म्हटलं की भूमितीचं पुस्तक डोळ्यांपुढे येतं.

तैयब मेहतांसाठी 'आकृती' चालेल असं वाटतं. सपाट रंगाचे पट्टे, कॅनव्हास तिरका चिरत जाणारी रेघ आणि त्यात अडकलेली कोसळती माणसं. तिथे मांस नाही, वजन नाही, सगळा जोर बाह्यरेषेत आहे. पण तोच शब्द सुधीर पटवर्धनांना कसा लावायचा? १९७५ ते २००५ ते ठाण्यात रेडिओलॉजिस्ट होते. रोज हाडांचे फोटो बघणाऱ्या माणसाच्या चित्रातली माणसं जमिनीवर भार टाकून उभी असतात. कामगाराची मान खांद्यांत कशी बसलीय, दिवसभर वाकून पाठीला पोक कसं आलंय, ते त्यात दिसतं. याला 'मानवाकृती' म्हणणं म्हणजे माणूस काढून घेऊन त्याची कडा तेवढी ठेवणं. कोणी दुसरा शब्द सुचवेल का?

प्रतिसाद

दादा, मी जेजेची, म्हणजे मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयाची. आमच्या वर्गात यातलं काहीच कोणी म्हणायचं नाही. 'आज फिगर आहे', 'लाइफला (समोर मॉडेल बसवून चित्र काढायच्या तासाला) किती जण आलेत?', 'मॉडेल कोण बसणारेय?' असंच बोलणं. 'फिगर' हा शब्द मुंबईच्या चित्रकाराच्या तोंडी मराठीच झालाय, 'त्याची फिगर पक्की आहे' हे आम्ही कौतुकानं म्हणतो. तेव्हा 'फिगरेटिव्ह' देवनागरीत तसाच ठेवा.

पण तुमची खरी अडचण मला वेगळीच वाटते. एकूण प्रकाराला काय म्हणायचं ते एकवेळ ठरेल, पण चित्रातलं शरीर काय करतंय हे सांगायला आपल्याकडे जे शब्द आहेत ते कलासमीक्षेत कोणी वापरतच नाही. कुठलाही कॅटलॉग उघडा: 'बसलेली स्त्री', 'उभा पुरुष', 'पहुडलेली स्त्री'. अहो, बसलेली म्हणजे कशी? उकिडवी? मांडी घालून? फतकल मारून? पाय पसरून? एक गुडघा उभा करून? की गुडघे पोटाशी घेऊन? मॉडेलला पोझ सांगताना आम्ही हेच शब्द वापरायचो, कारण नुसतं 'बसा' म्हणून काही कळत नाही. उकिडवं बसलेल्या माणसाचा सगळा भार चवड्यांवर येतो, पोटऱ्या मांड्यांना चिकटतात, पाठीचा मणका न् मणका मोजता येतो. फतकल मारली की कंबर खाली बसते, पोटाला वळ्या पडतात. एका शब्दात अख्खी अॅनाटॉमी! आणि आपण लिहितो 'बसलेली स्त्री'.

'पहुडलेली' तर मला मुळीच खपत नाही. भावगीतातला शब्द आहे तो. चित्रकार सूझांच्या चित्रांतल्या बायका पहुडलेल्या नसतात, त्या उताण्या असतात, समोर बघत. ब्रिटिश चित्रकार ल्युशियन फ्रॉइडचं १९९५ चं ते प्रसिद्ध चित्र घ्या, लंडनच्या सरकारी रोजगार कार्यालयात काम करणारी बाई सोफ्यावर झोपलीय. गाल सोफ्याच्या हातावर दबलेला, पोटाचा भार एकीकडे ओघळलेला. मराठी बाई बघताक्षणी सांगेल, ती 'एका अंगावर' झोपलीय.

प्रतिसाद

ताईंच्या 'एका अंगावर'मध्येच उत्तर आहे. मी भाषांतरं करते, त्यामुळे 'बॉडी'शी रोज गाठ पडते. 'शरीर' दवाखान्यातलं, विज्ञानाच्या पुस्तकातलं. 'देह' कीर्तनातला, तो ठेवायचा किंवा झिजवायचा असतो. 'देह ठेवला' म्हणजे माणूस गेला. 'काया', 'तनू' कवितेपुरते उरले. 'कुडी'तून प्राण निघून जायची वाट बघावी लागते. राहिलं 'अंग'. अंग दुखतं, अंगात कणकण असते, अंगाला घाम येतो, पोर अंगाखांद्यावर खेळतं, काम अंगावर पडतं. 'अंग' आतून जाणवतं, बाकीचे शब्द बाहेरून बघतात. शिवाय 'अंगकाठी', 'चण', 'बांधा' हे त्याच घरातले. पटवर्धनांच्या माणसांची चण कशी आहे, असं लिहून बघा.

प्रतिसाद

'नग्न'चाही विचार व्हायला हवा, कारण याच शब्दावर मुंबईत चित्रं कोर्टात गेली आहेत. १९५४ मध्ये जहांगीर आर्ट गॅलरीत चित्रकार अकबर पदमसींचं पहिलं एकल प्रदर्शन भरलं. युगुलाच्या एका चित्रात पुरुषाचा हात स्त्रीच्या छातीवर होता. पोलिसांनी चित्र उतरवायला सांगितलं, पदमसींनी नकार दिला, अटक झाली, खटला चालला आणि ते सुटले. आणि अगदी अलीकडे मुंबईच्या कस्टम्सनं सूझा आणि पदमसी यांच्या सात कलाकृती अश्लील म्हणून अडवून ठेवल्या होत्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो आदेश रद्द केला. दोन खटल्यांमध्ये सत्तर वर्षं, गोंधळ तोच: नग्न ते सगळं अश्लील.

आपली बोली यात कोर्टापेक्षा शहाणी आहे असं माझं ठाम मत आहे. 'उघडा' म्हणजे अंगात सदरा नाही इतकंच. उन्हाळ्यात चाळीच्या गॅलरीत उघडेबंब बसलेले आजोबा कोणाच्या डोळ्यांत खुपत नाहीत. 'नागडं' पोर आंघोळीनंतर घरभर पळतं. 'विवस्त्र' म्हटलं की कोणीतरी वस्त्र काढून घेतलंय, त्यात जबरदस्तीची छाया आहे. बातम्यांत तो शब्द त्याच अर्थानं येतो. म्हणून स्वतःच्या मर्जीनं पोझ देणाऱ्या मॉडेलच्या चित्राला 'विवस्त्र स्त्री' असं नाव देणं मला चूक वाटतं. तिथे 'नग्न' हवा, किंवा जेजेतला 'न्यूड'.

प्रतिसाद

'नग्नचित्र' नको मात्र. चित्र नग्न नसतं.

मूळ प्रश्नकर्ता

सगळ्यांचे आभार. परिच्छेद पुन्हा लिहितोय. प्रकाराला 'फिगरेटिव्ह'च ठेवलं. तैयबसाठी 'आकृती' राहिली. पटवर्धनांच्या परिच्छेदात 'अंग' आणि 'चण' आले आणि वाक्यं आपोआप छोटी झाली.

'अंगा'चा सगळ्यात जास्त उपयोग झाला तो ब्रिटिश चित्रकार जेनी सॅव्हिलच्या उताऱ्यात. तुलनेसाठी तिचं 'प्रॉप्ड' (१९९२) घेतलंय. सात फूट उंच, सहा फूट रुंद कॅनव्हास. उंच स्टुलावर बसलेली स्थूल बाई, गुडघे बघणाऱ्याच्या दिशेनं पुढे आलेले, डोकं वरच्या कडेला टेकत आलेलं आणि दोन्ही हातांची बोटं स्वतःच्याच मांड्यांत रुतलेली. बोटांच्या आजूबाजूला मांस उचललं गेलंय. आधी मी 'भव्य देहाकृती' लिहिलं होतं. ते खोडून 'हे चित्र अंगावर येतं' एवढंच लिहिलं. धास्ती, आकार, जवळीक, सगळं त्यात आलं.

याच ओघात कलाकार शकुंतला कुलकर्णींबद्दलही लिहिलं. मुंबईच्याच. त्यांनी वेताची चिलखतं केली, शिरस्त्राणासकट, आणि ती स्वतः घालून फोटो काढून घेतले. तिथे अंग दिसतं ते वेताच्या जाळीतून, आणि राखणारं चिलखत आणि कोंडणारा पिंजरा एकच होतात. यासाठी 'अंगावर चढवलेलं' हे क्रियापद बरोबर बसलं, कारण मराठीत चिलखत अंगावर चढवतात.

एक जागा अजून रिकामी आहे. बसण्याचे, झोपण्याचे शब्द ताईंनी भरभरून दिले. उभं राहण्याचे फार सुचत नाहीत. ओणवा, पाठमोरा, ताठ, रेलून, खेटून. लोकलच्या दारात एका हातानं दांडा धरून, एक पाय आत, अंग अर्धं बाहेर, असा जो माणूस रोज दिसतो त्याला 'लटकलेला' म्हणावं तर तो लटकलेला नाही, आरामात उभा आहे. त्याला गाडीतले लोक काय म्हणतात?

प्रतिसाद

विरार लोकलमध्ये म्हणतात, 'फूटबोर्डला आहे'. उभा असा शब्द लागतच नाही.