अडीच वर्षांच्या मुलीला घेऊन क्रूझ : कोणती कंपनी निवडावी?

सोनचाफा

नमस्कार. आम्ही कोथरूडला राहतो. मी, माझे यजमान, अडीच वर्षांची मुलगी आणि अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई अशा चौघांनी या दिवाळीच्या सुट्टीत क्रूझवर जावे, असे घरात ठरत आले आहे. मात्र कोणत्या कंपनीच्या बोटीवर जावे यावर एकमत होत नाही. मुंबईहून सुटणारी कॉर्डेलिया, सिंगापूरहून निघणाऱ्या रॉयल कॅरिबियन, डिस्नी व स्टारड्रीम (पूर्वीची रिसॉर्ट्स वर्ल्ड) यांच्या बोटी, आणि अगदीच खर्च करायचा झाला तर भूमध्य समुद्रातील एमएससी, अशी आमची यादी आहे.

मुलगी जानेवारीअखेर तीन वर्षांची होईल. ती अजून डायपरवर आहे, दुपारी दीड-दोन तास झोपते आणि ताम्हिणी घाटात तिला दोनदा गाडी लागलेली आहे. सासूबाई पूर्ण शाकाहारी असून त्यांना अंडेही चालत नाही. माहितीपत्रकांत सर्वत्र घसरगुंड्यांचे तलाव आणि हसरी मुले दिसतात, त्यामुळे त्यावरून काही ठरवता येत नाही. लहान मुलांसाठी यांपैकी कोणती कंपनी सर्वांत चांगली, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

पर्वतीपायथा

सोनचाफाताई, कंपनीचे नाव शेवटी ठरवा, आधी मुलीचे वय आणि तिचा डायपर यांचा विचार करा. आम्ही हा क्रम उलटा लावला होता आणि त्याची किंमत मोजली.

आमचा मुलगा सव्वादोन वर्षांचा असताना आम्ही एका मोठ्या परदेशी कंपनीची चार रात्रींची सफर घेतली. बोट उत्तम होती, परंतु पहिल्याच दुपारी तलावाशी उभ्या असलेल्या जीवरक्षकाने आम्हाला अडवले, कारण डायपर घालणाऱ्या मुलांना तलावात उतरता येत नाही, आणि पोहण्यासाठीचा खास डायपरही चालत नाही. मुलांच्या क्लबच्या दारावर दुसरा नकार मिळाला, कारण तेथे तीन वर्षे पूर्ण झालेली आणि शी-शू स्वतः सांगणारी मुलेच घेतात. यातले काहीही आरक्षण करणाऱ्या एजंटाने सांगितले नव्हते. आम्हीही विचारले नव्हते, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. मुलाने चार दिवसांत जे काही मनसोक्त पाहिले, ते म्हणजे लिफ्ट.

हे नियम कोणा एका कंपनीच्या हटवादीपणातून आलेले नाहीत. तलावाचे पाणी दूषित झाले तर हजारो माणसांत आजार पसरतो. अमेरिकेच्या बंदरांत ये-जा करणाऱ्या बोटींची स्वच्छता तेथील सीडीसी ही सार्वजनिक आरोग्याची सरकारी संस्था तपासते आणि १०० पैकी किमान ८६ गुण मिळाले तरच बोट उत्तीर्ण धरते. त्यामुळे तलावाच्या बाबतीत बहुतेक मोठ्या कंपन्या सारख्याच कडक आहेत. रॉयल कॅरिबियनच्या काही बोटींवर डायपरवाल्या बाळांसाठी वेगळी कारंजी आहेत, पण ती सगळ्या बोटींवर नाहीत, म्हणून चौकशी करताना कंपनीचे नाही, बोटीचे नाव घेऊन विचारावे.

तीन वर्षांखालील मुलासाठी खरा फरक पाळणाघरामुळे पडतो. डिस्नीच्या बोटींवर सहा महिने ते तीन वर्षे या वयाच्या मुलांसाठी तासाप्रमाणे पैसे घेऊन चालवलेले पाळणाघर असते, आणि रॉयल कॅरिबियनच्या बऱ्याच बोटींवरही छत्तीस महिन्यांपर्यंतच्या मुलांसाठी तशी सोय असते. एमएससीने या वयासाठी चिको कंपनीच्या सहकार्याने वेगळा विभाग ठेवलेला आहे. तीन वर्षे पूर्ण झाली आणि डायपर सुटला, की मुलांचा क्लब भाड्यातच समाविष्ट असतो. म्हणजे तुमची सफर ऑक्टोबर-नोव्हेंबरऐवजी फेब्रुवारीत गेली तर त्याच बोटीवर, त्याच पैशांत, तुमच्या मुलीला जवळजवळ दुसरीच बोट मिळेल. ती अजून शाळेत जात नसेल तर दिवाळीच्या सुट्टीचा आग्रह कशासाठी?

आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही. सिंगापूरचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. बोटीवरच्या मुख्य भोजनगृहात रात्रीच्या जेवणाच्या बहुधा दोन पंगती असतात, एक साडेपाच-सहाच्या सुमारास आणि दुसरी आठच्या पुढे. मुलांसाठी लवकरची पंगत घ्यावी असा सल्ला सर्वत्र मिळतो. परंतु सिंगापूरची साडेपाच म्हणजे पुण्याची दुपारची तीन, आणि त्या वेळी आमचे चिरंजीव नुकतेच झोपेतून उठलेले असत. तिथे उशिराचीच पंगत सोयीची ठरते. युरोपचे घड्याळ हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते, त्यामुळे तिकडे लवकरची पंगतसुद्धा मुलीला जड जाईल.

सासूबाईंच्या जेवणाबाबत मुंबईहून सुटणारी बोट निर्धास्त आहे. सिंगापूरहून जाणाऱ्या बोटींवर भारतीय प्रवासी भरपूर असल्याने शाकाहारी आणि जैन जेवण मिळते, फक्त ते आरक्षणाच्या वेळीच नोंदवावे लागते. भूमध्य समुद्रात शाकाहार म्हणजे पास्ता, चीज आणि सॅलड यांचा फेरा. चार दिवस ठीक, सातव्या दिवशी पोळी-भाजीची आठवण असह्य होते. मुलीच्या मऊ भातासाठी विजेची किटली नेण्याचा विचार मात्र करू नका. तापणारी उपकरणे आगीच्या भीतीने बहुतेक बोटींवर चढतानाच काढून घेतात. साधा भात मागितला की मिळतो, आणि मेतकुटाचे बंद पाकीट आमच्या पिशवीत कोणाला खटकले नाही.

दर्यावर्दी

मी तळेगावला स्थायिक आहे आणि उमेदीची वर्षे मालवाहू जहाजांवर इंजिनात काढली आहेत. प्रवासी बोटींवर मी फक्त पाहुणा म्हणून गेलो आहे, तेव्हा खानपान आणि करमणूक यांविषयी बोलत नाही. समुद्राविषयी बोलतो, कारण ताम्हिणीचा उल्लेख वाचून राहवले नाही.

गाडी लागणे आणि बोट लागणे यांचे मूळ एकच आहे : डोळ्यांना जे स्थिर दिसते, ते कानातील तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला हलते आहे असे वाटते. दोन वर्षांखालील मुलांना हा त्रास क्वचित होतो आणि दोन ते बारा या वयात तो सर्वाधिक होतो, म्हणजे तुमची मुलगी नेमकी त्या वयात शिरली आहे. मात्र घाटाची वळणे आणि मोठ्या बोटीचे संथ डुलणे यांत पुष्कळ अंतर असते. मोठ्या प्रवासी बोटींना पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंखासारखे स्टॅबिलायझर असतात. ते डावी-उजवी डुलणी बरीच कमी करतात, पण नाळ, म्हणजे बोटीचे पुढचे टोक, वर-खाली होण्याला त्यांचा फारसा इलाज नाही. म्हणूनच खोली बोटीच्या लांबीच्या मध्यावर आणि शक्य तितक्या खालच्या मजल्यावर घ्यावी. वरच्या मजल्यावरची पुढची खोली महाग असते आणि सर्वांत जास्त हलते. औषध द्यायचे झाल्यास निघण्यापूर्वी मुलीच्या डॉक्टरांना विचारूनच द्यावे. मोठ्यांच्या गोळीचा तुकडा मोडून देण्याची आपल्याकडची सवय येथे धोक्याची आहे.

बोटींच्या आकाराविषयी : कॉर्डेलियाची एम्प्रेस १९९० साली बांधलेली असून सुमारे ४८,५०० ग्रॉस टनांची आहे, तर सिंगापूरहून सुटणारी स्टारड्रीमची गेंटिंग ड्रीम दीड लाखाच्या आसपास आहे. ग्रॉस टन हे वजन नव्हे, ते जहाजाच्या आतील बंदिस्त जागेचे माप आहे. पण मोठी बोट सहसा कमी हलते, इतका अर्थ त्यातून काढता येतो.

त्याहून महत्त्वाचे आहे ते पाणी आणि महिना. अरबी समुद्र पावसाळ्यात प्रवासाचा नाही, त्यामुळे मुंबईची बोट त्या काळात पूर्व किनाऱ्यावर चेन्नईला जाते. मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे चक्रीवादळांचे महिने. डिसेंबर ते मार्च पाणी बहुधा शांत असते, म्हणून दिवाळीपेक्षा फेब्रुवारी बरा, या वरच्या मताला माझ्या बाजूनेही दुजोरा आहे. सिंगापूरहून पेनांग-फुकेतकडे जाणारा मार्ग मलाक्काच्या सामुद्रधुनीतून जातो आणि सुमात्रा बेटाच्या आडोशामुळे तो सौम्य असतो. त्याच दिवसांत व्हिएतनामकडे जाणारी बोट ईशान्य मोसमी वाऱ्यांत सापडते. कंपनी तीच, बोट तीच, पण मार्ग बदलला की अनुभव पार बदलतो. भूमध्य समुद्र हिवाळ्यात खवळतो, हेही विसरू नये.

लक्षद्वीपची सफर मोहात पाडणारी आहे, परंतु तेथे मोठी बोट धक्क्याला लागत नाही. ती दूर उभी राहते आणि प्रवाशांना लहान होड्यांतून उतरवले जाते. हलत्या होडीत मूल कडेवर घेऊन उतरणे, आणि सोबत अडुसष्ट वर्षांच्या आजी, हे मला पसंत नाही. शिवाय वारा वाढला तर उतरणेच रद्द होते. गोव्याची सफर घ्या, तेथे बोट धक्क्याला लागते.

बोटीवर पाऊल ठेवताच एक काम करावे : मुलीच्या मापाचे लाइफ जॅकेट खोलीत आहे का ते पाहावे आणि नसल्यास खोली सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याकडून मागून घ्यावे. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे बोटीवरील प्रत्येक मुलासाठी तशी सोय असणे बंधनकारक आहे. सुरक्षा कवायतीच्या वेळी मूल झोपले आहे म्हणून एकाने खोलीत थांबू नये.

कोकणप्रेमी

एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न पडतो. या वयात वाळू आणि पाणी मिळाले की मूल खूश असते; दापोलीला जावे, हर्णै-मुरुडला राहावे. बोटच हवी असेल तर दाभोळ-धोपावे फेरीबोटीत गाडीसकट बसवून आणावे, म्हणजे मुलीला बोट लागते की नाही हेही कळेल.

दर्यावर्दी

दापोलीचे खरे आहे. परंतु दाभोळची फेरीबोट खाडी ओलांडते आणि तेवढ्यात चहासुद्धा निवत नाही. तिच्यावरून काहीच सिद्ध होणार नाही. त्यापेक्षा भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट घ्यावी. तासाभराचा खुल्या पाण्याचा प्रवास होतो. अर्थात लहान बोट जास्त हलते, त्यामुळे तिच्यात त्रास झाला तर घाबरून जाऊ नये. झाला नाही तर मात्र निश्चिंत व्हावे.

हिशेबनीस

खर्चाविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. जाहिरातीतील भाडे म्हणजे खर्चाचा पाया, इमारत त्यावर उभी राहायची असते. बंदर शुल्क मुलासाठीही द्यावे लागते. मूल आईच्या कुशीत झोपणार असले तरी त्याचे आरक्षण चुकत नाही, कारण जीवनौकेत त्याची जागा धरावी लागते. म्हणून ‘अडीच वर्षांचीच तर आहे’ हा एसटीतला युक्तिवाद येथे चालत नाही. मोठ्या परदेशी कंपन्या सेवाशुल्क माणशी दररोज साधारण १६ ते २० डॉलर घेतात आणि काही कंपन्या ते मुलांनाही लावतात. दिवसाला १८ डॉलर धरले तर चौघांचे चार रात्रींचे २८८ डॉलर झाले. सहल कंपनीमार्फत परदेशी सफर घेतल्यास टीसीएस, म्हणजे आगाऊ गोळा केला जाणारा प्राप्तिकर, कापला जातो, तो विवरणपत्रात वळता करून घेता येतो. पावती जपून ठेवावी.

एका खोलीत तिसऱ्या-चौथ्या माणसाचे भाडे कमी असते, त्यामुळे चौघांनी एकत्र राहण्याचा मोह होतो. साधी खोली म्हणजे आपल्या फ्लॅटमधील एक बेडरूम, आणि तीही बाथरूम धरून. त्यात मुलीची खाट टाकली की रात्री उठणाऱ्या आजींना वाट उरत नाही. आतून दार असलेल्या दोन शेजारच्या खोल्या घ्याव्यात. बिनखिडकीच्या खोलीत दुपारचाही पूर्ण अंधार होतो, ही गोष्ट झोपणाऱ्या मुलासाठी वरदानच आहे.

कागदपत्रांत सिंगापूरचा व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा आहे ना, हे तपासावे, कारण बोट दुसऱ्या देशात जाऊन परत येते. मुलीचा पासपोर्ट नसेल तर मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्राची वेळ आत्ताच घ्यावी. अर्जासोबत दोन्ही पालकांच्या सह्यांचे अनुबंध ‘ड’ लागते. मुंबई-गोवा सफरीला पासपोर्ट लागत नाही, तेथे आधार चालते. आणि बोट सुटण्याच्या दिवशी सकाळी पुण्याहून गाडीने निघू नये. बोरघाटात कोंडी झाली तर बोट थांबत नाही. सव्वासातची डेक्कन क्वीन साडेदहाच्या सुमारास सीएसएमटीला पोहोचवते आणि तेथून बॅलार्ड पिअर टॅक्सीने जवळ आहे.

सोनचाफा

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री जेवताना ही सगळी उत्तरे मोठ्याने वाचली. दिवाळीचा बेत रद्द केला असून फेब्रुवारीच्या मध्यावर, मुलीचा वाढदिवस झाल्यानंतर, मुंबई-गोवा अशी छोटी सफर आठवड्याच्या मधल्या दिवसांत घेण्याचे ठरले आहे. सासूबाईंना मेतकुटाचा उल्लेख विशेष आवडला. ती सफर झेपली तर पुढच्या वर्षी सिंगापूर, पण पेनांग-फुकेतच्याच मार्गाने. एकच शंका उरते : आमचे यजमान बाल्कनीच्या खोलीसाठी अडून बसले आहेत. तीन वर्षांच्या मुलीबरोबर ते सुरक्षित असते का?

पर्वतीपायथा

बाल्कनीच्या दाराची कडी जड असते आणि सहसा मुलाच्या हाताला येत नाही, पण बाल्कनीतली खुर्ची कठड्याला टेकवून ठेवली की सगळा बंदोबस्त व्यर्थ. आम्ही दोन्ही खुर्च्या पहिल्याच दिवशी आत आणून ठेवल्या होत्या. यजमानांना उभ्याने समुद्र पाहायचा असेल तर बाल्कनी जरूर घ्यावी.