मदत हवी आहे: पांढरी सातमधला पियानो, बोटं कशी बसवायची?

व्हनेसा कार्ल्टनच्या 2002 च्या पहिल्या अल्बममधलं, 'बी नॉट नोबडी'मधलं, 'ए थाउजंड माइल्स' माझ्या भाचीला स्वतः वाजवत गायचंय. मूळ गाणं बी मेजरमध्ये, म्हणजे पेटीच्या भाषेत पांढरी सात. पाचही काळ्या पट्ट्या लागतात, पांढऱ्या फक्त दोन: पांढरी तीन आणि पांढरी सात.

ती पाच वर्षं पेटी शिकली आहे. उजवा हात तयार आहे, पण डावा भात्यावरच राहिल्याने कच्चा. घरी 61 पट्ट्यांचा कीबोर्ड आणि सस्टेन पेडल (पट्टी सोडली तरी स्वर लांबवणारं) आहे. स्टाफ नोटेशन जेमतेम वाचता येतं, कानाने मात्र पटकन उचलते.

बी मेजरची सरगम 1-2-3-1-2-3-4-5 या बोटांनी (1 म्हणजे अंगठा, 5 म्हणजे करंगळी) महिनाभर घोटून घेतली; ती आता स्वच्छ येते. गाण्याच्या सुरुवातीचा तो धावता तुकडा अर्ध्या लयीतही छान वाजतो. लय वाढवली की अंगठा काळ्या पट्टीवर येतो, मनगट वर उचललं जातं आणि नेमका तिथेच एक स्वर गळतो. व्हिडिओ पाहून तीन वेगवेगळी बोटं लावून पाहिली, अडखळणं तिथेच.

ट्रान्सपोज, म्हणजे बटणाने किंवा वाजवताना पट्टी बदलणं, कृपया सुचवू नका. कार्यक्रमाच्या सभागृहात अकूस्टिक पियानो आहे. सी मेजरमध्ये गायलं तर वरच्या ओळींत तिचा आवाज ताणला जातो, आणि या गाण्यात तो मऊच हवा. हातात सहा आठवडे आहेत, रोज तासभर रियाज होतो.

ज्यांनी हे प्रत्यक्ष वाजवलंय त्यांना विचारते: त्या तुकड्यात अंगठा काळ्या पट्टीवर ठेवून हात आत सरकवायचा, की अंगठा टाळणारी बोटं लावायची? आणि पेडल प्रत्येक कॉर्डला बदलायचं का?