बिस्किटांचा खटला

वर एकांनी लिहिलंय की कॅनडाच्या सरकारने उदारपणे औषधी गांजा दिला. उदारपणे कसला, कोर्टाने ओढत नेलं! २००० साली अपस्माराचे रुग्ण टेरन्स पार्कर यांच्या खटल्यात ऑन्टारिओच्या अपील कोर्टाने सांगितलं की औषधी वापराला वाट नसेल तर गांजाबंदीच टिकणार नाही. वर्षाची मुदत दिली, तेव्हा कुठे २००१ चे नियम आले.

त्यातही मेख होती. परवानगी फक्त वाळवलेल्या गांजाची, म्हणजे बहुतेकांनी ओढायचाच. कॅनडातल्या व्हिक्टोरिया शहरात रुग्णांना गांजा पुरवणाऱ्या एका क्लबासाठी गांजाची बिस्किटं भाजणारा ओवेन स्मिथ पकडला गेला. स्वतः तो रुग्ण नव्हता. तरी घटनाबाह्य कायद्याखाली कुणालाच दोषी ठरवता येत नाही म्हणून त्याला या नियमाला आव्हान देता आलं. आरोग्य जपायला केलेला नियम रुग्णाला धूर घ्यायला लावतो, मग हेतू आणि नियम यांचा मेळ कुठे? २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने हा चार्टरच्या (कॅनडाच्या घटनेतल्या हक्कांच्या सनदेच्या) कलम ७ चा, म्हणजे जीवित, स्वातंत्र्य व सुरक्षिततेच्या हक्काचा, भंग ठरवला.

रुग्णांनी घरी गांजाची रोपं लावण्यावरची बंदीही २०१६ मध्ये अलार्ड खटल्यात अशीच गेली.