मोझांबिकची धूळधाण स्वातंत्र्याने केली का?

गलबत (धागालेखक)

"पोर्तुगीज होते तोवर बरं चाललं होतं, १९७५ साली स्वातंत्र्य मिळालं आणि मोझांबिकचा सत्यानाश झाला." हे मत आपल्याकडे शिकलेली माणसंही सहज बोलून जातात. मला ते साफ चुकीचं वाटतं, आणि अन्यायाचंही.

बरं चाललं होतं ते कुणाचं? उत्तरेत १९३८ पासून कापसाची सक्ती होती. घरच्या धान्याची जमीन कापसाखाली घालायची आणि ठरलेल्या कंपनीलाच, ती देईल त्या भावाने कापूस विकायचा. त्यापायी गावंच्या गावं उपाशी राहिली. दक्षिणेतले पुरुष दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सवालच्या सोन्याच्या खाणीत जात. त्यांच्या मजुरीचा काही भाग राखून ठेवला जाई. दक्षिण आफ्रिका तो पोर्तुगालला सोन्यात, सरकारी दराने चुकता करी. मजुराला गावी परतल्यावर स्थानिक चलन मिळे, आणि सोन्याचा सरकारी दर व बाजारभाव यांतला नफा राजवटीकडे जाई. घरी राहणाऱ्याच्या नशिबी 'शिबालो', म्हणजे सरळ वेठ. 'असिमिलादो' म्हणून ज्यांना नागरिकाचे हक्क होते, असे आफ्रिकी लोक १९५० साली अख्ख्या वसाहतीत पाच हजारही नव्हते.

१६ जून १९६० रोजी मुएडा इथे गाऱ्हाणं मांडायला जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला. किती मेले, यावर आजही एकमत नाही. १९६४ मध्ये फ्रेलिमोने, म्हणजे स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या संघटनेने, बंदूक उचलली ती या सगळ्यानंतर. पुढे लिस्बनमध्येच एप्रिल १९७४ ला हुकूमशाही कोसळली, सप्टेंबरात पोर्तुगाल आणि फ्रेलिमो यांच्यात लुसाका करार झाला आणि २५ जून १९७५ ला देश स्वतंत्र झाला. तेव्हा नव्वद टक्क्यांहून अधिक लोक निरक्षर होते. पोर्तुगीज रहिवासी बहुतेक सगळे निघून गेले, काहींनी जाताना यंत्रं आणि ट्रॅक्टर मोडून टाकले. डॉक्टर शंभराच्या आत उरले.

मार्च १९७६ मध्ये पहिले राष्ट्राध्यक्ष समोरा माशेल यांच्या फ्रेलिमो सरकारने आंतरराष्ट्रीय निर्बंध पाळून गोऱ्यांच्या राजवटीखालच्या ऱ्होडेशियाची (आजचा झिंबाब्वे) सीमा बंद केली. बैरा बंदराचं आणि रेल्वेचं उत्पन्न बुडणार हे माहीत असताना केली. त्याची किंमत म्हणून ऱ्होडेशियाच्या गुप्तचर खात्याने रेनामो ही बंडखोर सशस्त्र संघटना उभी केली, आणि १९८० नंतर तिला प्रिटोरियाने, म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी सरकारने, पोसलं. शाळा आणि दवाखाने हीच तिची लक्ष्यं. १९९२ पर्यंत लढाई आणि उपासमारीत सुमारे दहा लाख माणसं गेली. देश बाहेरून जाळला गेला, हे स्पष्ट म्हटलं पाहिजे.

सडेतोड

असहमत. तुमची पहिली अर्धी मांडणी मान्य, दुसरी नाही.

काडी ऱ्होडेशियाने लावली, पण गवत कुणी वाळवलं? लुसाका करारात निवडणुकीचं नावही नव्हतं, सत्ता थेट फ्रेलिमोच्या हाती गेली. उरिया सिमांगो हे एकेकाळी फ्रेलिमोचेच उपाध्यक्ष. त्यांना पकडून जाहीर कबुलीजबाब वदवला आणि नंतर गुपचूप मारलं. त्यांच्या पत्नीलाही सोडलं नाही. उत्तरेतल्या नियासा प्रांतात 'पुनर्शिक्षण' छावण्या उघडल्या, तिथे खटल्याशिवाय माणसं डांबली. शेतकऱ्यांना पिढीजात वाड्यांवरून उठवून सामूहिक गावांत बसवलं, गावप्रमुखांचे अधिकार काढले, पूर्वजांचे विधी अंधश्रद्धा म्हणून हिणवले. शेतीचा पैसा मुख्यतः सरकारी फार्मांत ओतला, लहान शेतकऱ्याला साधं कुदळीचं पातंही मिळेना. १९८३ साली 'ऑपरेशन प्रॉडक्शन'खाली शहरातले बेकार लोक उचलून दूर उत्तरेला नेऊन टाकले.

रेनामोने जे केलं त्याला क्षमा नाहीच. पण काही भागांत तिला गावकऱ्यांचा आसरा मिळाला, तो नुसत्या परकी पैशाने मिळत नसतो. सक्तीने कापूस लावणारं सरकार वाईट, मग सक्तीने गाव हलवणारं चांगलं कसं?

बार्देशकार

दोघांच्याही लिहिण्यात आम्ही गोंयकार कुठेच नाही, म्हणून लिहितो. १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्याहून चाले. झांबेझीच्या खोऱ्यातल्या जमीनदाऱ्यांवर, म्हणजे 'प्राझों'वर, कितीतरी गोवेकर घराणी बसली होती. म्हापशाचा मानुएल आंतोनियो द सोझा, ज्याला 'गोव्हेया' म्हणत, त्याने एकोणिसाव्या शतकात गोरोंगोझा भागात खाजगी फौज बाळगून पोर्तुगालसाठी मुलूख जिंकला. पुढे कचेऱ्यांत कारकून, कस्टमात अधिकारी आमचेच. लुटीच्या वह्या लिहिणारे हात गोव्याचेही होते, हे आम्ही घरात बोलत नाही. बोलायला हवं.

आणि दुसऱ्या बाजूलाही गोवेकर होता. बार्देशात जन्मलेले आकिनो द ब्रागांसा पोर्तुगीज वसाहतींच्या मुक्तिचळवळींना एकत्र आणणाऱ्यांपैकी एक होते, पुढे माशेल यांचे विश्वासू सल्लागार झाले. राजधानी मापुतोत त्यांच्या संशोधन केंद्रात ऑगस्ट १९८२ मध्ये पत्रबॉम्ब फुटला, वर्णद्वेषविरोधी दक्षिण आफ्रिकी कार्यकर्त्या रूथ फर्स्ट जागीच गेल्या आणि आकिनो जखमी झाले. १९ ऑक्टोबर १९८६ ला दक्षिण आफ्रिकेतल्या म्बुझिनीच्या डोंगरावर माशेल यांचं विमान कोसळलं, त्यात तेही गेले. त्यांच्याबद्दल गोव्याच्या शाळेत एक ओळ तरी शिकवतात का?

सांजवात

एक शंका. गोव्यातूनही पोर्तुगीज १९६१ ला एकाएकी गेले. तिथे कारभार कोलमडला नाही. मग सगळं पोर्तुगीजांच्या माथी मारणं कितपत बरोबर?

गलबत

सांजवात, गोवा एका मोठ्या देशात सामील झाला. दिल्लीने अधिकारी पाठवले, पैसा पाठवला. पणजीत १८४२ पासून वैद्यकीय शाळा होती आणि तिथे शिकलेले गोवेकर डॉक्टर आफ्रिकेतल्या वसाहतींत नेमले जात. तसा शिकलेला वर्ग पोर्तुगालने मोझांबिकमध्ये घडूच दिला नाही. शिवाय गोव्याची किंमत तिकडच्या भारतीयांनी मोजली: १९६१ नंतर मोझांबिकमधल्या भारतीय नागरिकांना छावण्यांत डांबलं, मालमत्ता जप्त केली, कित्येकांना हाकललं.

सडेतोड, छावण्या आणि सिमांगोंची हत्या मी झाकणार नाही, ते गुन्हेच. पण क्रम पाहा. स्वातंत्र्यानंतर वर्षभरातच दक्षिण आफ्रिकेने मोझांबिकी खाणमजुरांची संख्या लाखाच्या वरून निम्म्याहून खाली आणली. दक्षिणेतल्या घराघरांतला रोख पैसा आटला. १९८४ ला माशेल यांनी अपमान गिळून दक्षिण आफ्रिकेशी न्कोमाती करार केला, आम्ही एएनसीला (वर्णद्वेषाविरुद्ध लढणाऱ्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसला) तळ देणार नाही म्हणून सही केली, आणि प्रिटोरियाने तरीही रेनामोला रसद चालू ठेवली. काहोरा बासा धरणाचंच घ्या. झांबेझी मोझांबिकची, पण धरणाची मुख्य मालकी २००७ पर्यंत पोर्तुगालकडे. ती मिळवायला या गरीब देशाने ९५ कोटी डॉलर मोजले. अशा सरकारची धोरणं शांत काळातल्या मोजपट्टीने मोजता येणार नाहीत.

सडेतोड

शांत काळही आला की. १९९२ ला रोममध्ये तह झाला, १९९४ ला निवडणूक झाली, त्याच वर्षी शेजारची वर्णद्वेषी राजवटही संपली. त्यानंतर सलग फ्रेलिमोच सत्तेवर आहे. २०१३-१४ मध्ये मासेमारी आणि किनारासंरक्षणाच्या नावाखाली संसदेला न विचारता सुमारे दोन अब्ज डॉलरची कर्जं काढली. २०१६ ला ती उघडकीस आली आणि मदत देणाऱ्या देशांनी हात आखडला. तेव्हाच्या अर्थमंत्र्यांना २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने दोषी ठरवलं. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या निवडणुकीनंतर मतं चोरली म्हणत रस्त्यावर उतरलेली पोरं गोळ्या खाऊन मेली, शेकड्यांनी. त्यांतल्या बहुतेकांचा जन्म तहानंतरचा. लिस्बन आणि ऱ्होडेशियाची राजधानी सॅलिसबरी यांचा हिशेब तुम्ही मांडलात, तो मला मान्य आहे. या पोरांचा हिशेब मापुतोकडेच मागावा लागेल.