मामाची मुलगी चालते, मावशीची का नाही? उत्क्रांतीकडे उत्तर आहे का?

कडक भाकरी (धागाकर्ता)
माणसाच्या वागण्याला उत्क्रांतीचा सिद्धांत लावायचा म्हटलं की चर्चा गुहेतल्या शिकाऱ्यांवर जाते. गुहा कशाला? सोलापुरातलं कुठलंही लग्नघर पुरे. मामेबहीण: चालते. आतेबहीण: काही घरांत चालते, पण कुरकुर होते. चुलतबहीण: तोंड सांभाळून बोला. मावसबहीण: तीही बहीणच. जनुकांचा सामाईक वाटा मात्र चौघींशी तंतोतंत एकच, १/८. तेलुगू आणि कन्नड बोलणाऱ्या काही समाजांत थोरल्या बहिणीची मुलगीही करतात, तिथे वाटा १/४. म्हणजे पाव चालतो आणि त्याच्या निम्मा चालत नाही!

जीवशास्त्रज्ञ हॅमिल्टनने १९६४ साली मांडलेला नियम सोपा आहे: नात्याचा वाटा गुणिले नातलगाचा फायदा हा आपल्या तोट्यापेक्षा जास्त असेल, तर त्याच्यासाठी झीज सोसण्याची वृत्ती निवडीत टिकते. मदतीच्या हिशेबाला ठीक. पण लग्नाच्या या यादीपुढे तो अपूर्णांक मुका आहे. माझं म्हणणं असं: जवळच्या रक्ताशी लग्न टाळणं उत्क्रांतीतून आलं असेल, पण ‘बहीण’ कुणाला म्हणायचं हे तिने ठरवलेलं नाही.

माळढोक
अपूर्णांक मुका असणारच, कारण मेंदू अपूर्णांक मोजतच नाही. तो खूण ओळखतो. मानवशास्त्रज्ञ वेस्टरमार्कने १८९१ मध्येच सांगितलं: लहानपणी एकत्र वाढलेल्यांना पुढे एकमेकांचं आकर्षण वाटत नाही. इस्रायलमधल्या किब्बुत्झांची, म्हणजे मुलं बालगटांत एकत्र वाढवणाऱ्या सामूहिक वसाहतींची, २,७६९ लग्नं शेफर या अभ्यासकाने तपासली (१९७१). पहिली सहा वर्षं सलग एकाच बालगटात वाढलेल्यांचं त्यात एकही लग्न नव्हतं, आणि ती मुलं तर एकमेकांच्या रक्ताचीही नव्हती. तैवानमध्ये तान्ही सून घरात आणून मुलाबरोबर वाढवायची रीत होती. मानवशास्त्रज्ञ आर्थर वुल्फला अशा जोडप्यांत मुलं कमी आणि काडीमोड जास्त आढळले.

आता आपल्याकडे या. चुलते एका वाड्यात, एका चुलीवर. मामाचं गाव मात्र उन्हाळ्याच्या सुट्टीपुरतं. चुलतबहिणीबद्दल मन आधीच बंद, मामेबहिणीबद्दल उघडं. समाजाने नियम त्यावरच बांधला.

पूर्व भाग
आणि मावशी बे? मावशी दिली इंडीला, आई दिली बार्शीला. कूळ वेगळं, देवक वेगळं, पोरं भेटणार लग्नाकार्यात. तरी मावसबहीण म्हणजे बहीणच. तुमच्या खुणेने ती मामेबहिणीच्या रांगेत बसायला हवी होती. बसत नाही.

उत्तर मेंदूत शोधू नका, शब्दांत बघा. कन्नडमध्ये आईची धाकटी बहीण चिक्कम्मा, म्हणजे धाकटी आई. बापाचा थोरला भाऊ दोड्डप्पा, थोरला बाप. तेलुगूतही पेद्दम्मा, पेद्दनान्ना. आईची लेकरं ती भावंडं, विषय संपला. मामा आणि आत्या या चौकटीबाहेर, म्हणून त्यांच्या घरात सोयरीक. मराठीत शब्द वेगळे झाले तरी खुणा शिल्लक आहेत: सून सासऱ्याला मामंजी म्हणते, सासूला आत्याबाई. आणि ‘माय मरो, मावशी जगो’ ही म्हण आत्याबद्दल कुणी केलेली ऐकली नाही.

माळढोक
शब्द कुठून आले, हा प्रश्न उरतोच. शिवाय टाळण्याला खरी किंमत आहे, तो निव्वळ भाषेचा खेळ नव्हे. हिशेब करून बघा. एखाद्या अप्रभावी आजाराचं, म्हणजे आई-बाप दोघांकडून आलं तरच आजार करणारं, जनुक समाजात शंभरात एक धरा. रक्ताचं नातं नसलेल्या जोडप्यांच्या मुलांत तो आजार दहा हजारांत एकाला होईल. आतेमामे लग्नात मुलाचा अंतःप्रजनन गुणांक (एकाच पूर्वजाचं जनुक दोन्हीकडून येण्याची शक्यता) १/१६, म्हणजे आजार साधारण दहा हजारांत ७ जणांना. मामा-भाचीच्या लग्नात गुणांक १/८, म्हणजे साधारण १३. जनुक जितकं दुर्मीळ तितकी ही पटीतली वाढ मोठी.

कडक भाकरी
हिशेब बरोबर आहे, पण तो तुमच्याच विरुद्ध जातो. मावसबहिणीचा गुणांकही १/१६ आणि मामेबहिणीचाही १/१६. किंमत सारखी असताना एकीला बंदी, दुसरीला अक्षता, हा फरक किंमतीतून निघूच शकत नाही. अरबांत तर चुलत्याच्या मुलीवर पहिला हक्क मानतात. मेंदू तोच, नियम बरोब्बर उलटा. ‘शेती घरात राहते म्हणून मामाची मुलगी’ हेही नेहमीचं उत्तर चालत नाही. परंपरेने शेती मुलांकडे जायची, मामाची मुलगी कसली शेती आणणार? शेत एकत्र ठेवायचं असतं तर आपणही चुलतबहीणच केली असती.

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्याला मात्र हा भेद दिसत नाही. भाऊ-बहिणीची, दोन भावांची, दोन बहिणींची मुलं त्याने एकाच रांगेत निषिद्ध ठरवली आणि रूढीचा अपवाद ठेवला. सगळी मामेलग्नं त्या अपवादातून आत येतात.

माळढोक
अरबांचं उदाहरण अर्धं सांगितलंत. लेबनॉनमधल्या अभ्यासात चुलत लग्नांत मुलं कमी आणि घटस्फोट जास्त आढळले. नियमाने लग्न लावता येतं, मन नाही. वेस्टरमार्क तिथेही दिसतोच.

आडवा धागा
दोघेही एक गोष्ट विसरताय: वय. नवरा बायकोपेक्षा पाच वर्षांनी मोठा धरा, आणि भाऊ-बहीण सरासरीने एकाच वयाचे. मामाला मुलं आईपेक्षा पाच वर्षं उशिरा होतील, म्हणून मामेबहीण मुलापेक्षा साधारण पाच वर्षांनी लहान. आत्याला मुलं बापापेक्षा पाच वर्षं आधी होतील, म्हणून आतेबहीण साधारण पाच वर्षांनी मोठी. लहान बायको हवी एवढ्या एका अटीने मामाची मुलगी आपोआप पुढे येते. ना जनुक, ना शब्द. ‘परतवेल नको’, दिलेल्या घरची मुलगी परत आणू नये, हे कारण त्यावर नंतर चढवलं असण्याची शक्यता मला जास्त वाटते. अर्थात मावसबहिणीचं कोडं याने सुटत नाही. ती लहानही असते, मोठीही.

हुतात्मा चौक
कशाला एवढं? माणसाचं सगळं रक्तातच असतं.

पूर्व भाग
‘रक्तातच असतं’ हे वाक्य सोलापुरात तरी जपून वापरा. त्याच समजावर अख्ख्या जमातींना गुन्हेगार ठरवणारा १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा उभा होता आणि त्यांना ठेवायची इथली वसाहत, सेटलमेंट, तारेच्या कुंपणात होती. कायदा देशभर रद्द व्हायला १९५२ उजाडलं. डार्विनचं माणसाच्या उत्पत्तीवरचं पुस्तकही १८७१ चंच. एकाने दुसऱ्याला जन्म दिला नाही, पण पुढे जन्मजात गुन्हेगारीच्या बाता मारणाऱ्यांनी डार्विनचं नाव घेतलंच. असो, धाग्यावर या.

आडवा धागा
वाद मिटवायचा तर मोजणी अशी करा. प्रत्येक लग्नाला चार रकाने: नातं, दोघांच्या वयातला फरक, पहिल्या सहा वर्षांतले एका घरात काढलेले महिने, घरची भाषा. पाचवा रकाना सगळे विसरतात आणि तिथेच गणित फसतं: लग्नाच्या वेळी त्या मुलाला मामे, आते, मावस, चुलत अशा लग्नाच्या वयाच्या किती बहिणी होत्या? दहा मामेबहिणी आणि एकच आतेबहीण असेल तर दहास एक या प्रमाणाला ‘पसंती’ म्हणता येत नाही.

दुसरी चूक: मराठी, कन्नड, तेलुगू या तीन स्वतंत्र साक्षी समजणं. शेजाऱ्यांनी एकमेकांकडून उचललेली रीत तीनदा मोजू नये. हा आक्षेप संख्याशास्त्रज्ञ गाल्टनने १८८९ मध्येच मानवशास्त्रज्ञ टायलरच्या मोजणीवर घेतला होता, आणि ती मोजणीसुद्धा लग्नाच्या चालीरीतींचीच होती.

माळढोक
मान्य. पण महिन्यांच्या रकान्यात सुट्टीतला मुक्काम धरू नका. पुरावा रोजच्या सहवासाचा आहे. आणि मावसबहिणीचा रकाना शून्य आला तर तो कुणाच्या खात्यात, हे मोजायच्या आधी लिहून ठेवा. नंतर प्रत्येक जण तो आपलाच म्हणेल.

पूर्व भाग
लिहा. महिने शून्य आणि लग्नंही शून्य आली, तर शब्दांच्या खात्यात. एकत्र वाढलेल्या मामेबहिणीशीही लग्नं तितकीच निघाली, तरी शब्दांच्याच. ती कमी निघाली तर तुमच्या खात्यात.