टोलेजंग म्हणजे उंच, की नुसतं मोठं?

कानामात्रा:
एका कादंबरीचं भाषांतर करतेय. त्यात जमीनदाराचं घर आहे. एकमजली, पण ऐसपैस पसरलेलं, चाळीसेक खोल्यांचं. मी लिहिलं ‘टोलेजंग घर’. मुद्रितशोधकांनी लाल गोल करून समासात टिपलंय, ‘एकमजली घर टोलेजंग कसं?’ माझ्या डोक्यात टोलेजंग म्हणजे अवाढव्य, भारदस्त. ही उंचीची अट कधी लागली?

उंबरठा:
अट आहेच. टोलेजंग म्हटलं की मान आपोआप वर जाते. तुमच्या घराला ‘प्रशस्त’ म्हणा.

जुनीपाटी:
प्रशस्त काय, न्हाणीघरही असतं. त्यात दबदबा कुठाय? आमची आजी लग्नाच्या मांडवालाही टोलेजंग म्हणायची. मांडवाला कुठले मजले?

उंबरठा:
आजी हा पुरावा नव्हे.

सहजच:
व्युत्पत्ती बघा की. ‘जंग’ फारसी, म्हणजे युद्ध. त्यावरूनच जंगी. जंगी सभा, जंगी स्वागत यांत लढाई गेली, आकार तेवढा राहिला. आणि ‘टोले’ तोफेचे. तोफांना पुरून उरते ती वास्तू टोलेजंग. शोध माझा, कुठे छापू नका.

जुनीपाटी:
छापतंय कोण! टोला घंटेचा, विटीचा. तोफेचा असतो गोळा. मला तर हा शब्द नासिरजंग, सलाबतजंग या निजामांच्या पंगतीतला वाटतो. कुणी सरदार टोलेजंगबहाद्दर!

शुद्धमती:
एवढी झटापट कशाला? सरळ ‘भव्य’ लिहा. जंग काय, आलिशान काय, सगळी उसनवारी.

सहजच:
‘इमारत’सुद्धा अरबीच आहे. मग तुमचं भव्य लावणार कशाला? आणि आलिशानमधला ‘आली’ म्हणजे उच्च. महादजी शिंद्यांच्या ‘आलीजाबहाद्दर’मध्येही तोच. मुळात माणसाच्या दर्जाचा शब्द, आता दोन खोल्यांच्या फ्लॅटच्या जाहिरातीत राबतोय बिचारा.

शुद्धमती:
गगनचुंबी तरी आपला ना? की तोही इंग्रजीवरून बेतलेला?

उंबरठा:
बेतलेला असेलही, पण कल्पना आपल्याकडे जुनीच. मेघदूतात कुबेराच्या अलकानगरीतले प्रासाद ‘अभ्रंलिह’ आहेत, म्हणजे ढगांना चाटणारे. चुंबनाच्या एक पायरी पुढेच!

कानामात्रा:
माझं घर राहिलं बाजूला. उद्या पानं द्यायचीत हो.

जुनीपाटी:
आधी सांगा, एकमजली म्हणजे नुसता तळमजला, की वर आणखी एक? आमच्याकडे वर एक असेल तरच एकमजली.

उंबरठा:
तळमजला हाही मजलाच. नावातच आहे.

सहजच:
मजला आला मंझिलवरून. मूळ अर्थ मुक्काम, मजल-दरमजलमधली मजल तीच. आणि तळ ठोकला म्हणजे मुक्काम पडलाच. तेव्हा तळमजला धरायचा.

जुनीपाटी:
हा तळ वेगळा, तो तळ वेगळा!

कानामात्रा:
मूळ पुस्तक पुन्हा उघडलं. अकराव्या प्रकरणात जमीनदारीण जिन्यावरून पडते. म्हणजे वर काहीतरी आहे.

उंबरठा:
गच्ची असेल.